सर्जन व्हायचंय आणि हातात डीओच्या तीन जागा: कुठली घेऊ?

पत्र: मी एडिसन, न्यू जर्सीत वाढले, वय २४. एमडीच्या (अमेरिकेतली डॉक्टरकीची नेहमीची पदवी) कॉलेजांत वेटलिस्टच्या पुढे गाडी सरकली नाही, पण डीओच्या (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) तीन कॉलेजांत प्रवेश मिळालाय. एक आमच्या राज्यातलं रोवन-व्हर्चुआ, दुसरं फिलाडेल्फियाचं पीकॉम, आणि तिसरं दुसऱ्या राज्यातलं नवं कॉलेज, ज्याची पहिली बॅच अजून बाहेर पडलेली नाही. तिथे स्कॉलरशिप देतायत आणि इमारत तर बघत राहावी अशी आहे. मला सर्जनच व्हायचंय. जनरल सर्जरी किंवा ऑर्थो, आणि मनात कुठेतरी न्यूरोसर्जरीही आहे. बाबा म्हणतात, या जागा सोड आणि पुढच्या वर्षी पुन्हा एमडीसाठीच अर्ज कर. आईला घराजवळचं कॉलेज हवंय. पुण्याचे काका विचारतात, "हे हाडवैद्याचं कॉलेज का गं?" कुणाचं ऐकू?

उत्तर:

प्रिय एडिसनकर,

काकांना आधी उत्तर देऊन टाकू, कारण ते सोपं आहे. त्यांचा गैरसमज अगदीच हवेतला नाही. ब्रिटनमध्ये आणि युरोपात ऑस्टिओपॅथ म्हणजे हाताने मणके-सांधे मोकळे करणारा. तो डॉक्टर नसतो, मग शस्त्रक्रियेचा प्रश्नच नाही. अमेरिकेतला डीओ पूर्ण डॉक्टर असतो. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये मिझुरीतल्या कर्क्सव्हिल गावात पहिलं कॉलेज काढलं, तेव्हा त्या काळच्या औषधांवरून त्यांचं मन उडालेलं होतं. उठता-बसता पारा आणि अफू देण्याचे ते दिवस. मन उडालं नसतं तरच नवल. पुढे डीओचा अभ्यासक्रम एमडीच्या इतका जवळ आला की मुख्य फरक उरला तो दोनशेएक तासांच्या हस्तचिकित्सेचा. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात तर डीओंना ६५ डॉलर भरून एमडी पदवी मिळाली. दवाखाना तोच, रुग्ण तेच, दारावरची पाटी तेवढी बदलली. आज अमेरिकेत डॉक्टरकी शिकणाऱ्यांपैकी पावपेक्षा जास्त विद्यार्थी डीओच्या कॉलेजांत आहेत. काकांना एवढं पुरे. नाहीच पटलं, तर तू सर्जन झाल्यावर पटेल.

बाबांचं म्हणणं मात्र असं झटकून टाकता येणार नाही. दोन्ही पदव्यांचा परवाना सारखा असला, तरी सर्जरीच्या रेसिडेन्सीचं, म्हणजे पदवीनंतर रुग्णालयात घ्यायच्या प्रशिक्षणाचं, दार दोघांना सारख्याच सहजतेने उघडतं, असं मी तुला सांगणार नाही. मी जनरल सर्जन आहे आणि रेसिडेंट निवडणाऱ्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसत आलेय. तिथे अर्ज कसे वाचले जातात ते मला ठाऊक आहे.

२०२५ च्या मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागा वाटणाऱ्या देशव्यापी प्रक्रियेत, शेवटच्या वर्षाच्या एमडी विद्यार्थ्यांपैकी ९३.५ टक्क्यांना जागा मिळाली, डीओंपैकी ९२.६ टक्क्यांना. डीओची कॉलेजं हा आकडा फार प्रेमाने दाखवतात. आकडा खरा आहे, पण तो सगळ्या शाखांचा मिळून आहे. डीओ विद्यार्थी फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, इमर्जन्सी अशा शाखांकडे मोठ्या संख्येने जातात आणि तिथे जागा भरपूर आहेत. ज्या शाखांत जागा मोजक्या आणि मागणी प्रचंड, तिथे हे अंतर असं बोटभर राहत नाही.

त्याला थोडा इतिहासही आहे. पूर्वी डीओंच्या रेसिडेन्सी वेगळ्या असायच्या, त्यांच्या संघटनेच्या मान्यतेने चालायच्या आणि त्यातल्या सर्जरीच्या जागा फक्त डीओंसाठी असायच्या. २०१५ पासून दोन्ही पद्धती एकत्र आणायला सुरुवात झाली आणि ३० जून २०२० ला वेगळी चूल बंद झाली. आता सगळ्या रेसिडेन्सी एसीजीएमई या एकाच संस्थेच्या छत्राखाली आहेत. यात डीओंचं भलं झालं आणि नुकसानही झालं. मोठ्या विद्यापीठांची दारं किलकिली झाली, पण राखीव अंगण गेलं. काही छोट्या सर्जिकल रेसिडेन्सी नवे निकष पुरे करू न शकल्यामुळे बंद पडल्या आणि उरलेल्यांत आता एमडीही अर्ज करतात. म्हणून कुणी तुला २०१५ च्या कहाण्या सांगून म्हणालं की "आमच्या वेळी सहज मिळायचं", तर ऐक आणि सोडून दे.

तरीही जागा सोडून पुन्हा एमडीसाठी अर्ज करावा का? माझं उत्तर आहे, नाही. एकच अपवाद मानेन. न्यूरोसर्जरी किंवा इंटिग्रेटेड (कॉलेजनंतर थेट सुरू होणारी) प्लास्टिक सर्जरी नाही मिळाली तर डॉक्टरकीच नको, असं तुला खरोखर वाटत असेल, तर बाबांचं म्हणणं तोलून बघ. या दोन शाखांत देशभरातून दरवर्षी मोजकेच डीओ लागतात आणि ते बहुतेक वेळा एक-दोन वर्षं संशोधनात घालवून आलेले असतात. पण तू न्यूरोसर्जरीला पत्राच्या शेवटी, आणि तेही "मनात कुठेतरी" असं म्हणून जागा दिली आहेस. तेवढ्यासाठी हातातल्या जागा सोडू नयेत. पुढच्या वर्षी एमडीत लागशीलच याची हमी काय? वेटलिस्टवर यंदा जे घडलं नाही ते पुढच्या वर्षी घडण्यासाठी तुझ्या अर्जात ठोस काहीतरी बदलायला हवं, आणि ते काय असेल हे बाबांनी सांगितलेलं तुझ्या पत्रात दिसलं नाही. शिवाय एक वर्ष गमावणं म्हणजे कारकिर्दीच्या शेवटचं, सर्जनच्या पूर्ण कमाईचं एक वर्ष गमावणं. बाबांना हा हिशेब कळेल.

जनरल सर्जरी आणि ऑर्थो ही डीओसाठी अवघड पण चालून गेलेली वाट आहे. दरवर्षी डीओ जनरल सर्जरीत लागतात, तिथून पुढे ट्रॉमा, कोलोरेक्टल, व्हॅस्क्युलरच्या फेलोशिपला जातात. ऑर्थोतही लागतात, विशेषतः ज्या रेसिडेन्सी पूर्वी ऑस्टिओपॅथिक होत्या तिथे. तेव्हा आता प्रश्न उरतो तो तीनपैकी कुठलं.

बहुतेक मुलं कॉलेजची तुलना पहिल्या दोन वर्षांवरून करतात: इमारत, ॲनॅटॉमी लॅब, सिम्युलेशन सेंटरमधले बोलणारे पुतळे, लेक्चरची हजेरी सक्तीची की ऐच्छिक. पहिली दोन वर्षं कुठल्याही कॉलेजात साधारण सारखीच जातात. मुलं आपल्या खोलीत बसून तेच व्हिडिओ बघतात, त्याच प्रश्नपेढ्या सोडवतात. तू सर्जन होणार की नाही हे ठरतं तिसऱ्या वर्षी, आणि तिथेच डीओच्या कॉलेजांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

कारण असं, की बऱ्याच डीओ कॉलेजांचं स्वतःचं रुग्णालय नसतं. तिसऱ्या वर्षी ती विद्यार्थ्यांना करार केलेल्या रुग्णालयांत पाठवतात. कुणाला मोठं टीचिंग हॉस्पिटल मिळतं. तिथे सर्जरीची रेसिडेन्सी असते, पहाटे पाचला रेसिडेंटबरोबर राउंड, दिवसभर ओआर म्हणजे ऑपरेशन थिएटर, रात्री ट्रॉमाचा कॉल, आठवड्याला काय चुकलं याची चर्चा करणारी एम अँड एम कॉन्फरन्स. आणि कुणाला मिळतो एकटा प्रिसेप्टर, म्हणजे गावातला एक सर्जन. तो हर्निया आणि पित्ताशयं करतो, शुक्रवारी दुपारी घरी जातो. माणूस भला असतो, टाकेही घालू देतो. पण तिथे रेसिडेंट नाहीत, त्यामुळे इंटर्नने, म्हणजे पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटने, काय करायचं असतं हे तुला बघायलाच मिळत नाही. मग चौथ्या वर्षी तू एखाद्या मोठ्या रुग्णालयात ऑडिशन रोटेशनला, म्हणजे जिथे रेसिडेन्सी हवी तिथे महिनाभर काम करून दाखवायला, जातेस आणि पहिल्याच दिवशी कळतं की बाकीच्यांना रात्रीची यादी लिहिणं, ड्रेन काढणं, पेशंट दोन वाक्यांत सादर करणं सगळं येतंय. तुला ते तिथे उभ्या-उभ्या शिकायचंय, आणि तेही नेमकं आपली परीक्षा चालू असताना.

दुसरी अडचण पत्रांची. जनरल सर्जरीच्या बऱ्याच रेसिडेन्सी विभागप्रमुखाचं पत्र मागतात. ज्या रुग्णालयात सर्जरीचा शैक्षणिक विभागच नाही, तिथे प्रमुख कुठून आणणार? मग विद्यार्थी शोधाशोध करतात आणि ज्याने तुला दोनदा पाहिलंय अशा कुणाचं तरी सही केलेलं पत्र येतं. निवड समितीत ते पत्र उघडल्यावर पहिल्या ओळीतच समजतं.

तेव्हा तिन्ही कॉलेजांना तू एकच गोष्ट खोदून विचार: माझं तिसऱ्या वर्षाचं सर्जरी रोटेशन (सर्जरी विभागातले कामाचे आठवडे) नेमकं कुठल्या रुग्णालयात होईल आणि तिथे एसीजीएमईची सर्जरी रेसिडेन्सी आहे का? "आमचे शंभराहून जास्त सहयोगी आहेत" हे उत्तर नव्हे. जागा कशा वाटतात, लॉटरीने, पसंतीक्रमाने की गुणांवर? वर्गातल्या किती जणांना रेसिडेंट असलेलं रुग्णालय मिळतं? सर्जरी किती आठवडे, आणि आवड असेल तर जास्तीचे आठवडे घेता येतात का? चौथ्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस अर्ज जायच्या आधी किती ऑडिशन रोटेशन करू देतात? हा शेवटचा प्रश्न मुलं विसरतात. काही कॉलेजं चौथ्या वर्षाची सुरुवात सक्तीच्या रोटेशनने भरून टाकतात आणि जुलै ते ऑक्टोबर हे सोन्यासारखे महिने हातचे जातात. डीओ विद्यार्थ्याला सर्जरीत जागा मिळते ती बहुतेकदा अशाच एखाद्या ठिकाणी, जिथे तो महिनाभर राबला आणि लोकांना तो आवडला. कागदावर मागे असलेला उमेदवार माणूस म्हणून पुढे येतो ते इथे.

ॲडमिशन ऑफिस तुला गोड उत्तरं देईल, त्यांचं कामच ते. तू तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठ. बहुतेक डीओ कॉलेजांत सर्जरी क्लब असतो, त्याच्या पदाधिकाऱ्यांना मेल टाक. "मागच्या वर्षी तुमच्यातल्या किती जणांनी सर्जरीसाठी अर्ज केला आणि किती लागले?" असं थेट विचार. पहिला आकडा कॉलेजच्या माहितीपत्रकात कधीच छापलेला नसतो, आणि तो कळल्याशिवाय दुसऱ्याला काही अर्थ नाही.

मॅच लिस्ट वाचायलाही शिकावं लागतं. यादीत "जनरल सर्जरी" दिसलं की हुरळू नकोस; पुढे कॅटेगॉरिकल लिहिलंय की प्रिलिमिनरी ते बघ. कॅटेगॉरिकल म्हणजे पाच वर्षांची पूर्ण जागा. प्रिलिमिनरी म्हणजे एक वर्षाचा करार. त्यात रेडिओलॉजी, ॲनेस्थेशियाकडे जाणारे काही जण असतात, आणि बाकीचे असे की ज्यांना सर्जरी हवी होती पण मिळाली नाही. ते वर्षभर इंटर्नचं काम करतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा रांगेत उभे राहतात. काही कॉलेजं यादीत हा भेद पुसून टाकतात. विचारल्यावरही सांगितला नाही, तर त्याचा अर्थ तुला कळलाच आहे. तसंच "प्लेसमेंट ९९ टक्के" आणि "मॅच ९९ टक्के" या वेगळ्या गोष्टी आहेत; पहिल्यात मॅच हुकल्यावर धावपळ करून मिळवलेली कुठलीही जागा धरलेली असते. आणि एका वर्षाच्या यादीवर जाऊ नकोस. एखाद्या वर्षी चार हुशार मुलं एकत्र आली तर यादी चमकते. पाच वर्षांच्या याद्या शेजारी-शेजारी ठेव.

उलट बाजूनेही तपास. तुला जिथे रेसिडेन्सी करायला आवडेल अशी वीसेक ठिकाणं निवड आणि त्यांच्या संकेतस्थळावर सध्याच्या रेसिडेंटची यादी उघड. प्रत्येकाच्या नावापुढे पदवी आणि कॉलेज असतं. पाचही वर्षांत एकही डीओ दिसला नाही तर तिथे अर्ज म्हणजे लॉटरीचं तिकीट. दोन-तीन दिसले तर ते कुठल्या कॉलेजातून आलेत ते लिहून काढ. एका संध्याकाळचं काम आहे. त्यातून जे चित्र उभं राहील ते कुठल्याही क्रमवारीपेक्षा खरं असेल, कारण ज्या कॉलेजचा माणूस चांगला निघतो, तिथलाच पुढचा माणूस घ्यायला रेसिडेन्सीचे संचालक तयार असतात. आम्हीही तेच करतो.

परीक्षांबद्दल थोडक्यात. डीओंची परीक्षा कॉमलेक्स, एमडींची यूएसएमएलई. नियमाने तुला कॉमलेक्स पुरते, पण सर्जरीसाठी यूएसएमएलई दे. जानेवारी २०२२ पासून यूएसएमएलईचा पहिला टप्पा, स्टेप वन, फक्त पास-नापास आहे, कॉमलेक्सची पहिली पातळीही त्याच वर्षी मे महिन्यापासून तशीच झाली. त्यामुळे आकडा उरलाय तो स्टेप टूचा आणि समितीत सगळ्यांची नजर त्यावरच जाते. डीओ विद्यार्थ्याचा चांगला स्टेप टू दिसला की तुलनेचा प्रश्नच मिटतो; कॉमलेक्सचा आकडा मात्र आमच्यातल्या अनेकांना अजूनही नीट वाचता येत नाही. योग्य नाही, पण आहे हे असं आहे. म्हणून कॉलेजला विचार, की किती विद्यार्थी दोन्ही परीक्षा देतात आणि अभ्यासासाठी किती आठवडे मोकळे सोडतात. जिथे "कॉमलेक्स असताना यूएसएमएलई कशाला?" असं नाक मुरडतात, ते कॉलेज फॅमिली डॉक्टर घडवायला उत्तम असेल, पण तुला पाठबळ मिळणार नाही.

आता पैसे. याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण यंदा नियमच बदलले आहेत आणि बाबांनी ते कदाचित वाचले नसतील. पूर्वी सरकारी ग्रॅड प्लस कर्जातून फी आणि राहण्याचा सगळा खर्च निघायचा. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ते कर्ज बंद केलं. आता वैद्यकीय विद्यार्थ्याला सरकारकडून वर्षाला जास्तीत जास्त ५० हजार डॉलर, एकूण दोन लाख. बऱ्याच खासगी डीओ कॉलेजांत नुसती फीच साठ हजारांच्या वर जाते. वरची रक्कम आणि घरभाडं येणार खासगी बँकेकडून, म्हणजे बाबांच्या सहीने. खासगी कर्जाला सरकारी कर्जमाफी लागू होत नाही. सरकारी कर्जाला होते: ना-नफा रुग्णालयात दहा वर्षं हप्ते भरलेस की उरलेलं माफ, आणि त्या दहांत रेसिडेन्सीची वर्षंही धरतात. जनरल सर्जरीची पाच, ऑर्थोची पाच, न्यूरोसर्जरीची सात. म्हणजे इतर शाखांपेक्षा सर्जनला या सवलतीचा फायदा जास्त, फक्त कर्ज सरकारी असलं तर.

म्हणून तुझ्या तीन जागांत रोवन-व्हर्चुआ माझ्या मते सुरुवातीलाच पुढे आहे. ते सरकारी विद्यापीठाचं कॉलेज आहे. १९७६ मध्ये सुरू झालं, २०१३ मध्ये रोवन विद्यापीठात आलं, आणि न्यू जर्सीच्या रहिवाशांना तिथली फी बाहेरच्यांपेक्षा बरीच कमी आहे. एकाच विद्यापीठाकडे डीओचं स्ट्रॅटफर्डचं कॉलेज आणि एमडीचं कॅम्डनचं कूपर अशी दोन्ही कॉलेजं असणं ही देशात दुर्मीळ गोष्ट आहे. प्रवेश घेण्याआधी विचार, की कूपरच्या सर्जनांबरोबर संशोधन करता येतं का आणि रोटेशन मिळतं का. दक्षिण जर्सीतल्या जेफर्सनच्या रुग्णालयांशी या कॉलेजचं जुनं नातं आहे आणि तिथे सर्जरीची रेसिडेन्सी आहे. आईच्या "घराजवळ"शी माझं काही देणंघेणं नाही. एडिसन ते स्ट्रॅटफर्ड रोज ये-जा करायचा विचारही करू नकोस, टर्नपाइक हायवेवर आयुष्य जाईल. पण जिथे वाढलीस तिथेच शिकलीस, तर त्या भागातल्या रेसिडेन्सी तुला "इथे राहणारी मुलगी" म्हणून बघतात, आणि याला आम्ही वाटतं त्यापेक्षा जास्त किंमत देतो.

पीकॉम जुनं, १८९९ चं. माजी विद्यार्थ्यांचं जाळं दांडगं; पेनसिल्व्हेनियात कुठल्याही रुग्णालयात जा, पीकॉमचा कुणीतरी भेटतोच. सर्जरीत गेलेले तिथले लोक बरेच आहेत आणि ते आपल्या कॉलेजच्या मुलांना हात देतात. पण स्वतःचं रुग्णालय त्यांनी १९९३ मध्येच विकलं, म्हणजे तिसऱ्या वर्षी तू करारांवर अवलंबून. आणि फिलाडेल्फियात करारांची खात्री धरू नये. २०१९ मध्ये हानेमान हॉस्पिटल बंद पडलं तेव्हा पाचशेहून जास्त रेसिडेंट एका उन्हाळ्यात रस्त्यावर आले. मे २०२५ मध्ये शहराबाहेरचं क्रोझर-चेस्टर बंद झालं. यात कॉलेजांचा दोष नाही, रुग्णालयांच्या मालकांचे आर्थिक खेळ आहेत. पण विद्यार्थ्याने विचारायलाच हवं, की मी ज्या रुग्णालयात जाणार त्याचा मालक कोण, आणि ते बंद पडलं तर तुमची दुसरी सोय काय? पीकॉमला हा प्रश्न नवा वाटणार नाही, त्यांच्याकडे उत्तर असेल. ते ऐक.

राहिलं नवं कॉलेज. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं मी म्हणणार नाही. दहा वर्षांनी ते उत्तमही होईल. पण आज तिथे वाचायला मॅच लिस्ट नाही. तुझ्यासारखीला ओळखणारा एकही माजी विद्यार्थी कुठल्याही रेसिडेन्सीत नाही. पहिली बॅच पदवीधर होईपर्यंत पूर्ण मान्यताही नाही, फक्त पूर्वमान्यता. नव्या कॉलेजांचं घोषित ध्येय बहुतेकदा ग्रामीण भागासाठी फॅमिली डॉक्टर तयार करणं हे असतं, आणि त्यांची रोटेशनं त्या हिशेबाने बांधलेली असतात. ध्येय चांगलं आहे, देशाला त्याची गरजही आहे, पण तुला सर्जन व्हायचंय. स्कॉलरशिपचं पत्र बारीक अक्षरांसकट वाच: ती चारही वर्षं आहे की पहिलंच वर्ष? वर्गातल्या अमुक क्रमांकाच्या आत राहिलं तरच चालू राहते का? स्कॉलरशिप वजा जाताही तिथली फी रोवनच्या रहिवासी फीपेक्षा जास्त पडत असेल, तर बोलण्यासारखं काही उरतच नाही. हा हिशेब आजच कर.

हे सदर वाचणाऱ्या दुसऱ्या राज्यांतल्या मुलांसाठी एक वाक्य: तुमच्या राज्यात सरकारी डीओ कॉलेज असेल तर आधी ते बघा. मिशिगन स्टेटचं कॉलेज राज्यभरातल्या टीचिंग रुग्णालयांत विद्यार्थी पाठवतं, टेक्सासमध्ये फोर्ट वर्थचं आहे, ओक्लाहोमा आणि ओहायोतही आहेत. राज्याच्या रहिवाशांना तिथे फीत मोठी सूट मिळते.

तुझ्या न्यूरोसर्जरीबद्दल. ती इच्छा मारू नकोस, पण तिचा निर्णय दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यापर्यंत घे, कारण त्या शाखेत संशोधन लवकर सुरू करावं लागतं. कॉलेजात पाऊल टाकल्यावर पहिल्याच सत्रात एखाद्या न्यूरोसर्जनला गाठ आणि सांग, की डेटा भरण्यापासून काहीही काम करते. सहा महिन्यांत तुला कळेल की तुला मेंदूची शस्त्रक्रिया आवडते की तिचं नाव. ऑर्थोतही तेच, फक्त जरा सावकाश. तिथे अर्ज करताना रेसिडेन्सींना पसंतीचे ३० सिग्नल पाठवता येतात. पूर्वी ऑस्टिओपॅथिक असलेल्या ठिकाणांना त्यातले भरपूर दे आणि ऑडिशनही तिथेच कर.

आणि तिसऱ्या वर्षी रिट्रॅक्टर (शस्त्रक्रियेची जखम उघडी धरायचं हत्यार) धरून चार तास उभं राहिल्यावर जर तुला ॲनेस्थेशियाच्या खुर्चीकडे बघून हेवा वाटू लागला, तर तोही शोध चांगलाच. बरीच मुलं मन बदलतात. रोवनची कमी फी तेव्हाही तुझ्या बाजूने असेल.

माझा कौल रोवन-व्हर्चुआला, एका अटीवर: सर्जरी रोटेशन रेसिडेंट असलेल्या रुग्णालयात मिळण्याची शक्यता चांगली आहे, हे तिथल्या चौथ्या वर्षाच्या किमान तीन विद्यार्थ्यांकडून तू स्वतः ऐकलेलं असायला हवं. त्यांनी हात झटकले आणि पीकॉमच्या मुलांनी ठाम सांगितलं, तर पीकॉम घे, आणि कर्जाचे कागद बाबांबरोबर बसून भर. नव्या कॉलेजला आजच नकार कळव. तिथल्या वेटलिस्टवर कुणीतरी ताटकळत असेल. रोवनचं डिपॉझिट मुदतीच्या आत भर, आणि एमडीच्या वेटलिस्टवर अजून नाव असेल तर ते काढू नकोस. कॉलेज सुरू होईपर्यंत फोन येऊ शकतो, आणि आला तर डिपॉझिट बुडालं म्हणून रडत बसू नकोस.